सलूनच्या खुर्चीचं टेबल

‘रावसाहेब मोरे इथंच राहतात ना?’

दारातल्या म्हाताऱ्यानं विचारलं तेव्हा मैत्रीच्या हातात ओलं फडकं होतं आणि डोळ्यांवर शनिवारच्या सुट्टीची झापड. ‘मोरे आम्हीच,’ ती म्हणाली, ‘पण रावसाहेब कुणी नाही इथं.’ म्हातारा हलला नाही. धुऊन धुऊन मऊ झालेला पांढरा सदरा, गुळगुळीत दाढी, काखेत कापडी पिशवी. दारावरची नवी पाटी त्यानं ओठ हलवत वाचली. ‘मैत्री क. मोरे. यातलं क म्हणजे काय हो, ताई?’ बिबवेवाडीतल्या त्या सोसायटीत अनोळखी माणसाशी दारात इतकं बोलायची पद्धत नव्हती. ‘काही नको’ म्हणून दार लावायचं, विकायला काय आणलं होतं ते कळलं नाही तरी चालायचं. पण म्हाताऱ्याच्या आवाजात एक जुनी अदब होती. ‘क म्हणजे कचरू,’ ती म्हणाली. ‘माझे वडील.’

म्हाताऱ्यानं ते नाव एकदा पुटपुटून पाहिलं. मग त्याची नजर तिच्या खांद्यावरून आत गेली. आत हॉलमध्ये सामान लागायचं होतं. भिंतीला टेकवून ठेवलेल्या दोन तसबिरी होत्या, एक बुद्धाची आणि एक बाबासाहेबांची, आणि खोलीच्या मधोमध एक लोखंडी खांब आपल्या गोल बैठकीवर एकटाच उभा होता. म्हातारा त्या खांबाकडे पाहत राहिला, मग तसबिरींकडे, मग पुन्हा खांबाकडे. ‘मग माझंच चुकलं,’ असं म्हणून तो कठडा धरून सावकाश जिना उतरून गेला.

दार लावल्यावर मैत्रीला उगाच हलकं वाटलं आणि पाठोपाठ उगाच अस्वस्थ. आपण ते नाव किती सहज उच्चारलं. हिंजवडीच्या ऑफिसात सहा वर्षं काढली तिनं, तिथं ती मैत्री के. मोरे होती. एकदा कुणीतरी ‘के’ म्हणजे केशव का म्हणून विचारलं तेव्हा ती नुसती हसली होती. आणि चैताली. चैताली शेजारच्या टेबलावर बसायची, डबा वाटून खायची, स्वतःच्या सासूची नक्कल करून हसवायची. पहिल्याच वर्षी एका दुपारी पोळीचा तुकडा मोडता मोडता ती म्हणाली होती, ‘मोरे म्हणजे तुम्ही शहाण्णव कुळी ना गं? आमच्या वहिनीच्या माहेरचे आहेत मोरे.’ मैत्रीच्या तोंडात घास होता. ती ‘हं’ म्हणाली. एवढंच. घास गिळून झाल्यावर दुरुस्त करता आलं असतं. पण तोवर चैताली वहिनीच्या दागिन्यांवर गेली होती. त्या ‘हं’ला पाच वर्षं झाली, आणि उद्या दुपारी चैताली नवं घर बघायला, जेवायला येणार होती. तसबिरी हॉलमध्ये लावायच्या की आतल्या खोलीत, हे मैत्रीनं अजून ठरवलं नव्हतं. वडील, म्हणजे अण्णा, विचारायचे, आणि ती म्हणायची, ड्रिल मशीन मिळू दे, मग बघू.

ती फडकं घेऊन लोखंडी खांबापाशी बसली. आठवड्यापूर्वी अण्णांनी तो टेम्पोतून आणला होता. जुन्या बाजारातून, असं म्हणाले होते. सलूनच्या खुर्चीचा पाय. वरची गादी, हात, डोकं टेकायची उशी सगळं काढून टाकलेलं. घोटीव ओतीव लोखंड, बैठकीवर वेलबुट्टी, तिच्या खाचांत वर्षानुवर्षांचा काळा मेणचट मळ. ‘नव्या घरात भंगार कशाला, अण्णा?’ ती म्हणाली होती. ‘यावर टेबल होईल,’ अण्णा म्हणाले. ‘जेवणाचं. दोघांना पुरे.’ आयुष्यभर खडकीच्या कारखान्यात फिटरचं काम केलेला माणूस, गेल्या मार्चमध्ये निवृत्त झाल्यापासून हातांना काही नव्हतं. आई असती तर म्हणाली असती, करू दे त्यांना. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. म्हणून मैत्रीनं करू दिलं.

वेलबुट्टीतला मळ फडक्याला लागत होता आणि त्याला एक वास होता. ती फडकं नाकाशी नेऊन बसून राहिली. फिटकरी, साबण, पावडर, थंड लोखंड. या वासाची तिची ओळख फार जुनी होती, इतकी की आधी तिला वाटलं हा आपल्याच घराचा वास आहे. मग रविवार आठवले. खडकीच्या दोन खोल्या, दुपारचं उतरतं ऊन, दारात सायकल लावल्याचा आवाज आणि आत येणारे अण्णा, मान मागून पांढरी, कानामागं पावडरीचा ठिपका. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते केस कापायला थेट कसब्यात जायचे. आई म्हणायची, ‘खडकीतले न्हावी मेले का सगळे?’ अण्णा सायकल बाहेर काढायचे. एकदा, ती सात-आठ वर्षांची असेल, तिनं सायकलच्या दांडीला धरून हट्ट केला, मलाही न्या. अण्णांनी तिची बोटं एक एक करून सोडवली. रागावले नाहीत, काही नाही. नुसती बोटं सोडवली, करंगळीपासून सुरुवात करून, आणि निघून गेले. त्या दिवशी परत आल्यावर त्यांनी तिला मांडीवर घेतलं तेव्हा तिनं त्यांच्या मानेचा वास घेतला होता आणि तिला वाटलं होतं, अण्णांचं दुसरीकडं कुठंतरी एक घर आहे, थंड आणि स्वच्छ, आणि त्या घरात मी नाही.

खाली टेम्पो वाजला. अण्णा आणि सोनबा टेबलाचा वरचा भाग घेऊन आले. सोनबाचं चौकाच्या पुढं फॅब्रिकेशनचं दुकान होतं, माणूस मूळचा फुरसुंगीकडचा, बुटका आणि भक्कम. दोघांनी गोधडीत गुंडाळलेलं ते गोल वजन तिरकं करून दारातून आत घेतलं, आणि सोनबानं धापा टाकत पायानंच दार लोटून लावलं. गोधडी सोडली. पांढऱ्यावर राखाडी शिरा असलेली साडेतीन फुटांची गोल चकती. मैत्रीनंच पसंत केली होती, गंगाधामच्या रस्त्यावरच्या फरशीवाल्याकडून. संगमरवर नव्हे, दगडाची पूड चिकात कालवून, दाबून केलेली. दुकानदार म्हणाला होता, ‘मॅडम, ओरिजिनलपेक्षा भारी. हळद पडली तरी डाग नाही.’ तिनं आत्ता तळवा टेकवला. दगडासारखी थंड नव्हती, थोडी कोमट, कुणी नुकतंच उठून गेलेल्या जागेसारखी. सोनबानं बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं. ‘दगुड न्हाई ह्यो,’ तो म्हणाला, ‘पन दगडाचं सोंग झ्याक घेतंय.’

त्यानं काम समजावून सांगितलं. खांबाच्या डोक्यावर जिथं गादी बसायची तिथं लोखंडी पंजा होता, चार भोकांचा. त्या पंज्यावर दीड फुटी पत्रा कसायचा, पत्र्याला वरून सिलिकॉन लावायचा आणि त्यावर चकती बसवायची. चकतीला आरपार भोक पाडायचं नाही, तडकते. अण्णा मान डोलावत होते, त्यांना सगळं माहीत होतं, पण दुसऱ्या कारागिराला बोलू द्यायची त्यांची रीत होती. पत्रा ठेवून पाहताना सोनबानं त्याला जरा धक्का दिला आणि पत्रा फिरला. कुरकुर नाही, हिसका नाही. एक संथ, गोल, तेलकट वळण घेऊन तो थांबला.

‘बेरिंग जित्तं हाय अजून,’ सोनबा म्हणाला. ‘ह्ये चालायचं न्हाई. पावनं कोपर टेकवत्याल आन् आमटी शेजाऱ्याकडं जाईल. वेल्डिंग मारून टाकतो.’

‘नको,’ अण्णा म्हणाले.

‘आवो, मग टेबल हाय का झोपाळा?’

‘बघू. आधी बोल्ट बसव.’

बोल्ट बसेनात. सोनबानं पिशवीतले सगळे लावून पाहिले. पंज्याच्या भोकांतले आटे जुन्या इंची मापाचे होते. ‘ह्ये आटं आता मिळत न्हाईत,’ म्हणत तो ग्राइंडरनं पत्र्याची धार मारायला बसला. खोलीभर किंचाळी आणि ठिणग्या. मैत्री बाल्कनीच्या दारात उभी राहिली आणि काहीतरी बोलायचं म्हणून, ग्राइंडर थांबल्यावर, म्हणाली, ‘अण्णा, सकाळी एक म्हातारा आला होता. कुणा रावसाहेब मोऱ्यांना शोधत. मी म्हटलं, इथं नाहीत.’

अण्णांच्या हातात मोजपट्टी होती. ती सुर्रकन आपल्या डबीत परत गेली.

‘काय म्हणालीस तू?’

‘म्हटलं, रावसाहेब कुणी नाही. माझ्या वडिलांचं नाव कचरू.’

माणसाचा चेहरा उतरतो म्हणतात, तो तिनं त्या दिवशी खरोखर उतरताना पाहिला, कपाळापासून, जिन्याच्या पायऱ्या उतराव्यात तसा. त्यांनी हळूच विचारलं, ‘आत आले होते?’ ती म्हणाली, ‘नाही, दारातूनच. पण आत पाहिलं त्यांनी.’ अण्णांनी वळून तसबिरींकडे पाहिलं. मग ते भिंतीला पाठ लावून फरशीवर बसले.

सोनबा बोल्टांसाठी दुकानात जायला उठला, त्यानं दार उघडलं आणि तिथूनच म्हणाला, ‘ताई, ही पिशवी कुनाची हाय? कडीला लावलीया.’ तीच कापडी पिशवी. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार बोल्ट, जाड डोक्याचे, ग्रीस लावलेले, प्रत्येकाला त्याचा वॉशर. ‘आरं तिच्या,’ सोनबा म्हणाला, ‘ह्येच की ते! आम्ही वर आलो तवा एक म्हातारबुवा खाली पायरीवर बसलं व्हतं. मला वाटलं दम खात्यात. अण्णांच्या तोंडाम्होरं चकती व्हती, त्यास्नी दिसलं नसंल.’

म्हणजे तो गेलाच नव्हता. खाली बसून राहिला. तासभर तरी. मग पुन्हा दोन मजले चढून वर आला, आतला ग्राइंडरचा आवाज ऐकला आणि बेल न वाजवता पिशवी कडीला अडकवून गेला. मैत्री त्या तासाचा विचार करत राहिली. त्या तासात एका पायरीवर बसून एक अनोळखी माणूस तिच्या घराबद्दल काहीतरी ठरवत होता, आणि ती इथं वर फडक्यानं लोखंड पुसत होती. सोनबा सिलिकॉन आणायला म्हणून गेला. दार लागल्यावर घर एकदम मोठं वाटलं.

‘शंभूअण्णा म्हणतात त्यांना,’ अण्णा म्हणाले. ‘कसब्यात सलून होतं. आता मुलानं जागा मोबाइलवाल्याला दिली. खुर्च्या भंगारात निघाल्या तेव्हा मी म्हटलं, एक मला द्या. टेम्पो कुठं न्यायचा म्हणून त्यांना पत्ता सांगावा लागला. जुन्या बाजारातून आणली म्हणून तुला खोटं सांगितलं.’

ती त्यांच्या शेजारी फरशीवर बसली. फरशी गार होती. अण्णा समोरच्या खांबाकडे बघत बोलत होते, तिच्याकडे नाही, आणि मैत्रीला वाटत होतं की हा आवाज फार लांबून, पाण्याखालून येतो आहे. ‘गावात आमचे केस आजा कापायचा. शेरडांच्या कातरीनं. गावचा न्हावी पिंपळाखाली बसायचा, आम्ही लांबून बघायचो. एकोणसत्तर साली कारखान्यात लागलो. एकवीस वर्षांचा होतो. एका सोबत्याबरोबर कसब्यात आलो तेव्हा ते सलून पाहिलं. अर्धी दारं, आत निळे आरसे, खुर्च्या फिरतात. तीन रविवार नुसता समोरून गेलो. चौथ्या रविवारी दार ढकललं. गल्ल्यावर शंभूचे वडील, कपाळाला गंध. नाव काय, म्हणाले. सगळ्यांनाच विचारायचे, नंबर लावायला. माझ्या जिभेवर कचरू होतं, मैत्री. आधीची दोन दगावली म्हणून ठेवलेलं, आईनं जिवाच्या भीतीनं ठेवलेलं नाव. तोंडातून आलं रावसाहेब.’

‘कोण होता रावसाहेब?’

‘आमच्या गावचा पाटील.’ अण्णांच्या ओठाची एक बाजू हलली. ‘मग बसलो. शंभूनं पांढरं कापड झटकून गळ्याशी बांधलं, खालचा खटका दाबला आणि खुर्ची फिरवली. मला वाटलं खोलीच फिरली. आरसे, दिनदर्शिका, रस्ता, बसलेली माणसं, सगळं माझ्याभोवती फिरून गेलं. सगळं झाल्यावर त्यानं मागं छोटा आरसा धरला. बघा, रावसाहेब, बरोबर आहे का? माझी मान मागून कशी दिसते ते मी पहिल्यांदा पाहिलं. कुणाच्याही मानेसारखी होती.’

बाहेर भाजीची हातगाडी ओरडत गेली. मैत्रीच्या मनात ती खोली फिरत होती. तिला एकवीस वर्षांचे अण्णा दिसत होते, कोरडे ओठ, मांडीवर घट्ट मुठी, पांढऱ्या कापडाखाली लपलेल्या. आणि त्यांच्याभोवती फिरणाऱ्या आरशांत कुठंतरी, गोंधळ होऊन, हिंजवडीचं कॅन्टीन, स्टीलचा डबा, चैतालीचा हसरा चेहरा, आणि घासानं भरलेलं स्वतःचं तोंड. अण्णांचं खोटं आणि आपलं खोटं एकाच मापाचं आहे का, याचा तिला अंदाज येईना. अण्णांना दारातून हाकललं असतं. मला कुणी काय केलं असतं? डबा वाटून खाल्लाच असता चैतालीनं. कदाचित जरा जास्तच आग्रह केला असता. त्या जास्तीच्या आग्रहाची भीती होती मला. एवढ्यासाठी?

‘नंतर का नाही सांगितलंत?’ तिनं विचारलं. ‘सदतीस वर्षं?’

‘पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर फार तर हाकललं असतं. दुसऱ्या महिन्यात सांगायचं म्हणजे पहिल्या महिन्याचा जाब द्यावा लागला असता. मग दर महिन्याला तो वाढत गेला. शिवाय मला ते आवडायचं, मैत्री. खोटं कशाला बोलू. कारखान्यात कचऱ्या, वस्तीत कचरूदा. महिन्यातून अर्धा तास कुणीतरी रावसाहेब म्हणायचं.’

सोनबा परत आला. अण्णा उठले, त्यांनी पिशवीतले बोल्ट त्याच्या हातात ठेवले आणि एकाएकी म्हणाले, ‘मार वेल्डिंग. पक्कं करून टाक.’

‘नको,’ मैत्री म्हणाली.

‘फिरतं टेबल काय कामाचं?’

‘असू दे. मला हवं आहे.’

‘दोघांचं काय ते ठरवा आधी,’ सोनबा म्हणाला आणि बिडीसाठी खिसा चाचपू लागला. शेवटी त्यानंच मध्यम मार्ग काढला. खांबाच्या गळ्याला आडवं भोक पाडून त्यात एक खिळी बसवली. आत सारली की टेबल घट्ट, ओढून काढली की मोकळं. चारही बोल्ट एकेका बोटाच्या जोरानं आत गेले, शेवटचा अर्धा फेरा पान्यानं. मग पत्र्यावर सिलिकॉनच्या गोल गोल रेघा, जिलबी पाडावी तशा, आंबट वासाच्या. तिघांनी मिळून चकती उचलली. मैत्रीच्या हातांना तिचं वजन आलं तेव्हा तिला ती पहिल्यांदा खरी वाटली. ‘सावकाश,’ अण्णा म्हणाले, ‘मध्य साधा, एकदा टेकली की सरकवायची नाही.’ तिघं वाकले, तिघांचे श्वास थांबले, आणि चकती टेकली. अण्णांनी पातळी लावली, बुडबुडा मधोमध येऊन स्थिरावेपर्यंत सगळे त्याच्याकडे बघत राहिले.

‘रातभर हात लावायचा न्हाई,’ सोनबानं बजावलं. ‘उद्या दुपारी जेवा त्याच्यावर.’

तो गेल्यावर दोघं टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहिले. हात लावायचा नव्हता म्हणून हात कुठं ठेवायचे ते दोघांनाही कळेना. चार वाजले होते. मैत्रीनं पर्स घेतली. ‘चला, अण्णा.’

‘कुठं?’

‘कसब्यात.’

‘आता कुठलं तोंड घेऊन जाऊ?’

‘आहे तेच. ते दोनदा जिना चढून आले होते,’ ती म्हणाली. ‘तुम्ही एकदा चला.’

दोघं रिक्षात बसले. स्वारगेटच्या गर्दीत, मग शनिपाराच्या वळणावर, अण्णांची बोटं गुडघ्यावर काहीतरी मोजत होती. कसब्यातल्या बोळाच्या तोंडाशी ते उतरले आणि तिच्या पुढं चालू लागले, इतक्या सरावानं की रस्ता त्यांच्या पायांखाली आपोआप येत होता. सलूनच्या जागी लाल-पिवळ्या पाट्यांचं मोबाइलचं दुकान होतं. त्याच्या शेजारच्या अरुंद वाटेनं आत गेल्यावर एका खोलीच्या दाराशी, घडीच्या खुर्चीत, तो म्हातारा बसला होता. त्यानं मान वर केली.

‘या,’ तो म्हणाला. कुठलंच नाव न घेता.

अण्णा उभे राहिले. मैत्री त्यांच्या मागं. ‘बोल्ट बसले,’ अण्णा म्हणाले. ‘त्याशिवाय झालंच नसतं.’

‘बसणारच. त्याच खुर्चीचे आहेत.’ शंभूअण्णा गुडघ्यावरची सुरकुती सरळ करत राहिले. मग म्हणाले, ‘सदतीस वर्षं माझ्या वस्तऱ्याखाली मान दिलीत. नाव द्यायला घाबरलात.’

‘मान गेली असती तर एकदाच गेली असती,’ अण्णा म्हणाले.

आत कुणीतरी स्टोव्हला पंप मारत होतं. मैत्रीला वाटलं, आता काहीतरी वाईट होईल किंवा काहीतरी फार चांगलं होईल, आणि दोन्हींची तिला सारखीच भीती वाटली. पण शंभूअण्णा फक्त थकल्यासारखे दिसले. ‘सकाळी पायरीवर बसून तोच विचार करत होतो,’ ते म्हणाले. ‘त्या दिवशी खरं सांगितलं असतंत तर मी तुम्हाला बसवलं असतं का. वडील गल्ल्यावर होते. मी बावीस-तेवीसचा. बसवलं असतं असं म्हणायला मला आवडेल. पण माहीत नाही मला. तासभर बसलो तरी उत्तर आलं नाही. मग म्हटलं, बोल्ट तरी देऊन जावेत.’

अण्णांनी मान खाली घातली. ‘मलाही माहीत नाही,’ ते म्हणाले.

आतून एक बाई चहा घेऊन आली, शंभूअण्णांची सून, इंदुबाई. तिनं पाहुण्यांकडे पाहून विचारलं, ‘कोण हे, मामंजी?’ शंभूअण्णांनी तोंड उघडलं. मैत्रीला ते तोंड उघडं दिसत होतं आणि त्यात शब्द नव्हता. ‘हे राव...’ ते म्हणाले, थांबले, घसा साफ केला. ‘हे कचरू मोरे. माझं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. आणि ही त्यांची मुलगी.’ नाव त्यांच्या जिभेवर बसत नव्हतं, नवीन दातांसारखं बोचत होतं, पण त्यांनी ते पूर्ण म्हटलं. इंदुबाईनं मान डोलावली आणि कप पुढं केले. अण्णांनी चहा दोन्ही हातांनी धरला.

निघताना अण्णा म्हणाले, ‘उद्या दुपारी जेवायला या. टेबल बघायला.’

‘टेबल बघायला येईन. जेवणाचं बघू.’ शंभूअण्णांनी नजर वळवली. दोघं वाटेच्या टोकाशी पोचले तेव्हा मागून त्यांचा आवाज आला. ‘वांगं करू नका! वातूळ असतं, मला चालत नाही!’

अण्णा थांबले, पण वळले नाहीत. त्यांचे खांदे हलत होते. ते हसताहेत की काय करताहेत हे मागून मैत्रीला कळत नव्हतं, आणि तिनं पुढं होऊन पाहिलंही नाही.

ते तांबट आळीच्या बाजूनं बाहेर पडले. दोन्हीकडच्या दुकानांतून तांब्यावर हातोडे पडत होते, एकाचा ठोका दुसऱ्याच्या ठोक्यात मिसळून हवा थरथरत होती, आणि उन्हं कलती होऊन घागरींच्या पोटांवर आली होती. मैत्री या आळीत पूर्वी कधी आली नव्हती, तरी तिला वाटत होतं की ती फार दिवसांनी इथं परत येते आहे. ती बोलू लागली तेव्हा तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. ‘अण्णा, उद्या माझी मैत्रीण येणार आहे ना, चैताली. तिला आपण कोण ते माहीत नाही. म्हणजे, ती भलतंच समजते. मी समजू दिलं.’

अण्णा चालत राहिले. ‘किती वर्षं?’

‘पाच.’

‘मग आहेत की अजून बत्तीस,’ ते कोरडेपणानं म्हणाले. ‘घाई कशाला?’

मैत्री एका दुकानापाशी थांबली. आत एक माणूस मांडी घालून परातीला आकार देत होता, त्याचं लक्ष नव्हतं. तिनं पर्समधून मोबाइल काढला. घंटा दोनदाच वाजली. ‘अगं बोल!’ चैतालीचा आवाज नेहमीसारखा, सुट्टीतला, ऐसपैस. ‘उद्या वन थर्टी ना? मी डेझर्ट आणते हं, तू काही करू नकोस.’

‘चैताली,’ ती म्हणाली, ‘तू मागं मला एकदा विचारलं होतंस, आम्ही शहाण्णव कुळी का. मी हं म्हणाले होते. ते खरं नाही. आम्ही बौद्ध आहोत.’

पलीकडून काहीच आलं नाही. कान फोनला घट्ट दाबून मैत्री त्या शांततेत उभी राहिली आणि तिच्याभोवती तांबं वाजत राहिलं, घण्, घण्, घण्, आणि पाच वर्षांचे सगळे डबे, सगळ्या दुपारी एकेक करून तिच्या डोळ्यांसमोरून गेल्या. अण्णा चार पावलं पुढं जाऊन थांबले होते.

‘हॅलो?’ चैताली म्हणाली. ‘मैत्री, कुठं आहेस तू? काय भयंकर आवाज आहे! मला काहीच ऐकू आलं नाही. काय म्हणालीस?’

मैत्रीनं दुसऱ्या कानावर तळवा ठेवला, श्वास घेतला आणि पुन्हा सांगितलं, इतक्या मोठ्यानं की दुकानातल्या माणसाचा हातोडा वरच्या वर थांबला.